ध्वनिस्फटिक

ध्वनिस्फटिक : हवा, पाणी किंवा एखादा घन पदार्थ यांसारख्या माध्यमात भिन्न घनतेच्या वा भिन्न प्रत्यास्थतेच्या (ताण काढून घेतल्यावर मूळ आकार पुन्हा धारण करण्याच्या गुणधर्माच्या) पदार्थाचे एकसारखे घटक ठराविक अंतराने मांडून तयार केलेली संरचना. हे घटक दांडे, नळ्या, गोळे किंवा थर अशा कोणत्याही स्वरूपाचे असू शकतात. एकच मांडणी त्याच अंतराने पुनःपुन्हा येत असल्याने अशा संरचनेस आवर्ती संरचना म्हणतात. घटकांमधील अंतर ध्वनीच्या तरंगलांबीशी तुलनीय असेल, तर काही कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचा) ध्वनी तीतून पार जाऊ शकत नाही. अशा कंप्रतांच्या पल्ल्यास निषिद्ध पट्ट म्हणतात. खनिज स्फटिकात अणू जसे जालकरूपाने मांडलेले असतात तशी येथे घटकांची मांडणी असते, म्हणून हे नाव रूढ झाले.

ध्वनी अडविण्याची जुनी रीत म्हणजे मध्ये जड भिंत उभी करणे, ही होय. भिंतीचे दर चौ. मी. वस्तुमान दुप्पट केले, तर पलीकडे पोहोचणारा ध्वनी तत्त्वतः सु. ६ डेसिबेलांनी कमी होतो आणि कंप्रता निम्मी झाली, तर तेवढाच वाढतो. याला वस्तुमान नियम म्हणतात. ध्वनी जितका खर्जातला तितकी भिंत जड हवी, हा या नियमाचा व्यावहारिक अर्थ असून बांधकाम व्यावसायिकांना तो फार महागात पडतो. आवर्ती संरचनेत ध्वनी मांडणीमुळे अडतो. तिच्यातील बहुतेक जागा मोकळी असली तरी चालते. या परिणामाचे मूलभूत गणित १८८७ सालीच मांडले गेले होते. गोंगाट कमी करण्यासाठी त्याचा उपयोग करून पाहावा हे सुचण्यास मात्र त्यानंतर शंभरावर वर्षे जावी लागली. असे का झाले, हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक प्रश्न आहे.

तत्त्व : एकामागे एक समान अंतराने उभ्या केलेल्या दांड्यांच्या ओळींवर ध्वनितरंग येऊन आदळला म्हणजे प्रत्येक ओळीवरून त्याचा थोडासा भाग मागे फिरतो. लगतच्या दोन ओळींतील अंतर तरंगलांबीच्या निम्मे असेल, तर मागील ओळीवरून परतणाऱ्या तरंगास जाऊन-येऊन बरोबर एक तरंगलांबी अधिक चालावे लागते आणि तो पुढील ओळीवरून परतलेल्या तरंगाशी समकला होतो, म्हणजे दोहोंचे चढउतार एकाच वेळी होतात. प्रत्येक ओळीचा वाटा अल्प असला, तरी सर्व वाटे एकमेकांत मिळत जाऊन परावर्तन प्रबळ होते व पुढे जाणारा तरंग ओळीगणिक क्षीण होत जातो. स्फटिकातील अणूंच्या प्रतलांवरून क्ष-किरणांचे परावर्तन होते तेही याच नियमाने [⟶ क्ष-किरण]. हवेत २० से. तापमानास ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. ३४३ मी. असल्याने १,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ३४ सेंमी. भरते व तो अडविण्यासाठी ओळींमध्ये सु. १७ सेंमी. अंतर लागते. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीसाठी हेच अंतर सु. १·७ मी. होते, अशा पाच-सहा ओळी उभ्या करावयाच्या, तर जवळजवळ दहा मीटर रुंदीचा पट्टा मोकळा हवा. आवर्ती संरचनेची सर्व शक्ती आणि तिची सर्व अडचण या दोन आकड्यांत सामावलेली आहे.

पूर्वेतिहास : आवर्ती मांडणी ध्वनीचे रूप पालटते, हे निरीक्षण बरेच जुने आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६९३ मध्ये फ्रान्समधील शांतीयी येथील प्रासादाच्या उद्यानासंबंधी एक नोंद केली. तेथील कारंजाजवळ उभे राहिले असता पाण्याच्या खळखळाटात एक निश्चित स्वर ऐकू येई. समोरच्या भव्य दगडी जिन्याच्या पायऱ्यांवरून आवाज एकामागून एक, समान अंतराने परत येतो व त्यातून हा स्वर निर्माण होतो, असे हायगेन्झ यांनी ताडले. पायरीच्या रुंदीएवढ्या (सु. ४६ सेंमी.) लांबीची कागदाची नळी करून तिचा स्वर त्यांनी ताडून पाहिला, तर तो तोच निघाला. हिवाळ्यात बर्फाने पायऱ्या झाकल्या तेव्हा कारंजे चालू असूनही स्वर नाहीसा झाला. प्रयोगाची योजना व तिचा पडताळा यांचा इतका साधा व नेटका नमुना क्वचितच आढळतो. मेक्सिकोतील चिचेन इट्सा येथील माया लोकांच्या पिरॅमिडासमोर टाळी वाजविली असता पक्ष्याच्या किलबिलीसारखा प्रतिध्वनी येतो, त्याचेही कारण पायऱ्यांची आवर्ती रचना हेच आहे. तो बांधणाऱ्यांना अभिप्रेत होता असे काही लेखक सुचवितात, परंतु त्यास आधार नाही.

याच वंशातील पण अधिक फलदायी ठरलेले निरीक्षण ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली (जॉन विल्यम स्ट्रट, १८४२–१९१९) यांचे आहे. केंट परगण्यातील बेजबरी पार्क येथे दरीच्या पलीकडे फर वृक्षांची लागवड होती. तिच्या दिशेने स्त्रीने मोठ्याने आवाज दिला, तर येणारा प्रतिध्वनी एक सप्तक वरचा असे. पुरुषाच्या आवाजाने मात्र हा चमत्कार घडविता आला नाही. १८७३ मध्ये नेचर या नियतकालिकात रॅली यांनी याचा उलगडा केला. तरंगलांबीच्या मानाने लहान असलेल्या अडथळ्यावरून ध्वनीचे जे प्रकीर्णन (विखुरणे) होते त्याची तीव्रता तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तरंगलांबी निम्मी असलेला वरच्या सप्तकातील स्वर त्यामुळे मूळ स्वराच्या सोळापट परत फेकला जातो. मानवी आवाजात मूळ स्वराबरोबर हे वरचे स्वरही मिसळलेले असतातच. झाडे त्यांतून फक्त निवड करतात. आकाशाच्या निळ्या रंगाचे स्पष्टीकरण रॅली यांनी याच नियमाने दिले होते. बेजबरीची झाडे काही जालकाच्या शिस्तीने लावलेली नव्हती. तथापि अडथळ्यांचा समूह ध्वनीतून निवड करतो ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. (त्याच जागी १९२५ मध्ये सूचिपर्णी वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.)

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८७ मध्ये, फिलॉसॉफिकल मॅगझीन मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात रॅली यांनी ज्याचे गुणधर्म ठराविक अंतराने बदलतात अशा माध्यमातील तरंगप्रसारणाचा प्रश्न सोडविला. माध्यमातील बदल कितीही अल्प असला, तरी तरंगलांबी बदलांमधील अंतराच्या दुपटीच्या आसपास असेल तर तरंग आत शिरू शकत नाही, त्याचे पूर्ण परावर्तन होते, असे त्यांनी दाखवून दिले. यासाठी लागणारी गणिती पद्धत त्यांनी अमेरिकन गणितज्ञ जी. डब्ल्यू. हिल यांच्याकडून घेतली. हिल यांनी ती चंद्राच्या गतीचा अभ्यास करताना तयार केली होती. निषिद्ध पट्टाची कल्पना तिच्या आधुनिक स्वरूपात येथे पुरी झालेली दिसते. १८९२ मध्ये आयताकृती जालकात मांडलेल्या अडथळ्यांवरही रॅली यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ध्वनिशास्त्रावर दोन खंडांचा प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाला आपले हे सूत्र गोंगाटाविरुद्ध वापरावे असे का वाटले नाही, हे विचारणे अन्यायाचे होईल. त्या काळी गोंगाट हा भौतिकीचा प्रश्न मानला जात नव्हता.

इतर शास्त्रांतील प्रवास : यानंतरच्या काळात आवर्ती संरचनेचे शास्त्र वाढले ते ध्वनीच्या बाहेर. विसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनीच्या लांब तारांवर ठराविक अंतराने वेटोळी बसविल्यास बोलणे दूरवर स्पष्ट पोहोचते, असे अमेरिकेत एम्. आय्. प्यूपिन व जी. ए. कँबेल यांच्या कार्यातून सिद्ध झाले व त्यातूनच पुढे विद्युत् तरंगांची गाळणी जन्मास आली. तीच कल्पना आयोवा विद्यापीठातील जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट यांनी १९२२ मध्ये ध्वनीकडे परत आणली. नळीला समान अंतरावर पोकळ्या किंवा बाजूच्या शाखा जोडून विशिष्ट कंप्रतांचा ध्वनी रोखणारी ध्वनिगाळणी त्यांनी तयार केली. मोटारीच्या निष्कास नळीवरील शामक व वातानुकूलनाच्या नळमार्गांतील ध्वनिरोधक यांची घराणी तिच्याशी मिळतात. म्हणजे बंदिस्त नळीपुरता आवर्ती रचनेचा उपयोग केव्हाच सुरू झाला होता; खुल्या हवेत मात्र तो झाला नाही.

क्ष-किरणांच्या विवर्तनाचा शोध (१९१२), स्फटिकातील इलेक्ट्रॉनांविषयीचा फेलिक्स ब्लॉक यांचा सिद्धांत (१९२८) आणि लेआँ ब्रिल्वँ यांचे कार्य यांमुळे हे सर्व गणित घन अवस्था भौतिकीचे झाले. ब्रिल्वँ यांच्या आवर्ती संरचनांतील तरंगप्रसारणावरील १९४६ च्या ग्रंथात स्फटिक, विद्युत् गाळणी व दोरीवरचे तरंग ही एकाच सूत्राची रूपे म्हणून एकत्र येतात. दरम्यान बंगलोर येथे चं. व्यं. रामन व नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ मध्ये द्रवातील श्राव्यातीत ध्वनीमुळे (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीमुळे) होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. तेथे नाते उलटे होते. ध्वनी हीच आवर्ती जाळी आणि अडणारा तो प्रकाश. १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे भौतिकीविज्ञ वेंकटेश नारायणमूर्ती व त्यांचे सहकारी यांनी अर्धसंवाहकांच्या अतिशय पातळ थरांच्या आवर्ती चळतीतून सु. २०० अब्ज हर्ट्‌झ कंप्रतेची कंपने गाळून दाखविली. इतक्या सूक्ष्म प्रमाणावर निसर्गाने किंवा उत्पादनतंत्राने संरचना आयती दिलेली असते. ऐकू येणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी सु. १·७ सेंमी. पासून १७ मी. पर्यंत असल्याने त्याच्यासाठी स्फटिक हाताने उभा करावा लागतो, आणि विलंबाचे निदान एक कारण तरी हेच असावे.

प्रकाशाला निषिद्ध पट्ट असलेल्या कृत्रिम संरचनांची कल्पना १९८७ मध्ये एली याब्लोनोविच व सजीव जॉन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली आणि या विषयास नवी चालना मिळाली. ध्वनीसाठी व प्रत्यास्थ तरंगांसाठी तशीच गणिते १९९२ मध्ये ग्रीसमधील एम्. एम्. सिगालास व ई. एन्. इकॉनोमू यांनी आणि १९९३ मध्ये एम्. एस्. कुशवाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. संगणकाशिवाय ही गणिते जवळजवळ अशक्य होती.

माद्रिदचे शिल्प : प्रत्यक्ष प्रयोग मात्र प्रयोगशाळेत न होता एका बागेत झाला. माद्रिद येथील ह्वान मार्च प्रतिष्ठानाच्या आवारात स्पॅनिश शिल्पकार एउसेबियो सेम्पेरे (१९२३–८५) यांचे ‘ऑर्गानो’ हे १९७७ मधील शिल्प आहे. सु. ४ मी. व्यासाच्या वर्तुळाकार चौथऱ्यावर २·९ सेंमी. व्यासाच्या पोकळ, चकचकीत पोलादी नळ्या चौरस जालकात, १० सेंमी. अंतराने उभ्या केलेल्या आहेत. नळ्यांची उंची कमीजास्त असून समोरून चालत गेले असता प्रकाशाचे पट्टे सरकत असल्याचा भास होतो. शिल्पकाराने केवळ डोळ्यांचा विचार केलेला होता. शिल्पाला नाव वाद्याचे असले, तरी ते वाजत नाही.

व्हॅलेन्सिया येथील आर्. मार्तीनेझ-साला, जे. यिनारेस, एफ्. मेसेगेर इ. संशोधकांनी या शिल्पाच्या एका बाजूस ध्वनिक्षेपक व दुसऱ्या बाजूस सूक्ष्मश्रवणी ठेवून मोजमापे घेतली व ती १९९५ च्या नोव्हेंबरात नेचर मध्ये प्रसिद्ध केली. नळ्यांच्या ओळींना लंब दिशेने जाणाऱ्या १,६७० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तीव्रता स्पष्टपणे घटलेली आढळली. १० सेंमी. अंतरावरून वर दिलेल्या रीतीने काढलेली कंप्रता सु. १,७०० हर्ट्‌झ येते. म्हणजे मेळ चांगलाच बसला. रॅली यांच्या निबंधाला तेव्हा १०८ वर्षे झाली होती.

या निष्कर्षावर आक्षेपही आले आणि ते योग्य होते. त्या शिल्पात नळ्यांनी व्यापलेली जागा जेमतेम ६·६% आहे. पुढील दोन वर्षांत झालेल्या गणितांवरून एवढ्या विरळ मांडणीत सर्व दिशांना लागू पडणारा निषिद्ध पट्ट मिळू शकत नाही, ठराविक दिशेपुरती घटच मिळते, असे दिसून आले. स्पॅनिश गटाने मग अधिक दाट मांडणीच्या नळ्यांवर प्रयोग केले आणि १९९८ मध्ये त्यांचे फल प्रसिद्ध झाले. दाट मांडणीत पूर्ण निषिद्ध पट्ट खरोखरच आढळला. शिवाय काही पट्टांत ध्वनी पार जाण्यास वाव असूनही समोरून येणारा तरंग त्या कंपनप्रकारांना जागृतच करू शकत नाही, असेही आढळले. त्यांना ‘बहिरे पट्ट’ असे समर्पक नाव मिळाले. मोजलेली घट म्हणजे निषिद्ध पट्टच असे समजणे त्यामुळे धोक्याचे ठरले. नव्या विषयाच्या आरंभी असा वाद होऊन गेला, हे पुढील मापनांच्या दृष्टीने हितकारकच झाले.

लहान घटक, दीर्घ तरंग : ध्वनिस्फटिकाच्या आकारमानाची अडचण वेगळ्या मार्गाने ओलांडण्याचा प्रयत्न २००० मध्ये हाँगकाँग येथील विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठात झाला. ल्यू जंग-यू, पिंग शेंग व त्यांचे सहकारी यांनी १ सेंमी. व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर २·५ मिमी. जाडीचे मऊ सिलिकोन रबराचे वेष्टन चढविले आणि ते गोळे इपॉक्सी रेझिनात १·५५ सेंमी. अंतराने घनाकृती जालकात बसविले. येथे ध्वनी रोखण्याचे काम मुख्यतः ओळींमधील अंतर करीत नाही. रबर स्प्रिंगसारखे वागते व शिशाचा गोळा तिला टांगलेल्या वजनासारखा. त्यांच्या नैसर्गिक कंप्रतेच्या जवळ आलेला ध्वनी गोळ्याला जोराने हलवितो, आणि या कंप्रतेच्या थोडे वर गोळा आपल्या भोवतालच्या पदार्थाच्या उलट दिशेने हलू लागतो. ढकलावे तिकडे न जाता तो पदार्थ जणू ऋण वस्तुमानाचा असल्यासारखा विरोध करतो व तरंग विझतो. या नमुन्यात सु. ४०० हर्ट्‌झच्या ध्वनीला अटकाव झाला, व घटकांमधील अंतर त्या पदार्थातील तरंगलांबीच्या सु. शंभरावा भाग एवढेच होते. वस्तुमान नियमाची चौकट मोडण्याचा हा पहिला ठोस दाखला. पाठोपाठ ताणलेली पटले, छिद्रित पोकळ्या इत्यादींपासून अशी अनेक द्रव्ये तयार करण्यात आली. त्यांना ध्वनिकीय अधिद्रव्ये म्हणतात. तथापि अनुस्पंदनावर विसंबणाऱ्या प्रत्येक रचनेचा पट्ट अरुंद असतो, आणि या संबंधात काढलेल्या प्रौढीच्या घोषणांत ही गोष्ट पुष्कळदा झाकली जाते.

गोंगाट आणि उपयोग : रस्त्यावरील रहदारीचा गोंगाट पुष्कळ रुंद पल्ल्यात पसरलेला असतो. मानवी कानाच्या संवेदनक्षमतेचा विचार करता टायरांच्या घर्षणामुळे होणारा त्याचा भाग १,००० हर्ट्‌झच्या आसपास सर्वाधिक जाणवतो आणि त्यासाठी लागणारे सु. १७ सेंमी. अंतर सहज परवडणारे आहे. नळ्यांच्या ओळींतून वारा, उजेड व पावसाचे पाणी जाऊ शकते, त्यामुळे भरीव भिंतीपेक्षा त्यांच्यावर वाऱ्याचा भार कमी येतो. मात्र निषिद्ध पट्टाबाहेरचा ध्वनी त्या जसाच्या तसा सोडतात. म्हणून नळ्यांना सच्छिद्र शोषक आवरण देणे (यावर २००६ मध्ये ब्रिटिश संशोधकांचे महत्त्वाचे कार्य प्रसिद्ध झाले) किंवा त्यांना उभ्या फटी पाडून अनुस्पंदक बनविणे, असे उपाय योजतात. तीन यंत्रणा एकत्र केल्यावरच अशी रचना साध्या भिंतीशी स्पर्धा करू शकते. अवजड वाहने व विमाने यांच्या खर्जातील घरघरीचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि बंद खिडकीतूनही शिरून लोकांची झोप मोडते ती मुख्यतः हीच घरघर.

या खर्जाशी सामना देणारे सर्वांत लक्षणीय काम नेदर्लंड्समध्ये झाले. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाची सहावी धावपट्टी २००३ मध्ये सुरू झाल्यावर जवळच्या वस्तीतील रहिवाशांना उड्डाणाच्या वेळी जमिनीलगत येणाऱ्या खोल गडगडाटाचा अतिशय त्रास होऊ लागला. सपाट पोल्डर जमिनीवर त्याला अडविणारे काहीच नव्हते. शरदात शेते नांगरली गेली म्हणजे हा आवाज कमी होतो, असे लक्षात आले. आपल्याकडील शेतकऱ्यास सरी-वरंब्यांची ओळख आहेच. नांगराच्या तासांनी जे नकळत केले तेच मोठ्या प्रमाणावर करावे, असे ठरून २०१३ मध्ये तेथे सु. १५० मातीचे वरंबे एकमेकांपासून सु. ११ मी. अंतराने घालण्यात आले. ११ मी. ही सु. ३१ हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी होय. वरंब्यांच्या मधल्या भागात लोकांसाठी पायवाटा व बागा केलेल्या आहेत. उडालेल्या विमानाचा वरून येणारा आवाज त्यांनी थांबत नाही; जमिनीलगत सरकणाऱ्या ध्वनीपुरताच त्यांचा उपयोग आहे. तसेच एवढी जागा विमानतळाच्या कडेला मिळाली, दाट शहरात ती मिळाली नसती.

जमिनीतील कंपनांसाठीही हाच विचार झाला आहे. फ्रान्समध्ये ग्रनॉबलजवळ जमिनीत ३२ सेंमी. व्यासाची व ५ मी. खोल विवरे जालकात खणून ५० हर्ट्‌झची पृष्ठीय कंपने त्यांवरून परावर्तित होतात असे दाखविण्यात आले (२०१४). खऱ्या भूकंपातील विध्वंसक तरंगांची कंप्रता याहून बरीच कमी असल्याने इमारतींच्या रक्षणासाठी लागणारी संरचना कितीतरी मोठी असावी लागेल.

वृक्षांच्या बाबतीत मार्तीनेझ-साला व त्यांचे सहकारी २००६ मध्ये पुन्हा बेजबरीच्या प्रश्नाकडे वळले. नियमित अंतराने, जालकात लावलेल्या झाडांमधून ध्वनी सोडून त्यांनी मापने घेतली. नेहमीचा अस्ताव्यस्त वृक्षपट्टा ५०० हर्ट्‌झच्या खाली फारसा उपयोगी पडत नाही. जालकात लावलेल्या झाडांनी मात्र नेमक्या त्या पल्ल्यात, ओळींमधील अंतराशी जुळणाऱ्या कंप्रतांना लक्षणीय घट दिली. पोलादी नळीचा व्यास कायम राहतो, झाडाचे तसे नाही. दोन झाडांमधील अंतर लावतानाच ठरून जाते, त्यामुळे अडणाऱ्या ध्वनीची कंप्रता फारशी बदलत नाही. बुंधा वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि त्याबरोबर अडणाऱ्या ध्वनीचा पट्ट रुंदावत जातो.